पैशाची मदत लागणाऱ्या मुलांनी परदेशातल्या बोर्डिंग स्कूलचा अर्ज कसा भरायचा: सातारा-सांगलीच्या पालकांसाठी, टप्प्याटप्प्यानं

दर फेब्रुवारीत मला चार-पाच फोन येतात. कुणी विट्याहून, कुणी कोरेगावहून, कुणी इस्लामपूरहून. "सर, पोरगी हुशार आहे, अमेरिकेतल्या मोठ्या शाळा सगळा खर्च उचलतात असं ऐकलंय, फॉर्म कधी सुटणार?" आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागतं की यंदाचे फॉर्म जानेवारीतच बंद झाले, आता पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी पोरीची इयत्ता बसते का ते आधी बघू. गेल्या काही वर्षांत मी स्वतःच्या भाचीसकट बऱ्याच मुलांचे अर्ज जवळून बघितले. मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. अर्ज फसतो तो क्रमात आणि कागदात, त्यातही पैशाच्या कागदात. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. शेवटून सुरुवात करू नका, निबंध सगळ्यात आधी लिहायला बसू नका.

टप्पा १: इयत्ता आणि वर्ष बसवा

अमेरिकेतल्या निवडक बोर्डिंग शाळांचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं. अर्ज त्याच्या आधीच्या जानेवारीत जातो, बहुतेक ठिकाणी १५ जानेवारी ही शेवटची तारीख, निकाल १० मार्चला आणि आपलं उत्तर १० एप्रिलपर्यंत. म्हणजे ज्या सप्टेंबरला मुलानं तिकडं वर्गात बसायचं, त्याच्या साधारण दीड वर्ष आधी घरात तयारी सुरू झालेली पाहिजे.

सगळ्यात जास्त जागा नववीला असतात, त्याखालोखाल दहावीला. अकरावीला मोजक्या, बारावीला जवळपास नाहीतच. आपल्याकडं मात्र लोक दहावीचा निकाल लागला, ९६ टक्के पडले, की मग शोधाशोध सुरू करतात. तोपर्यंत चांगला दरवाजा बंद झालेला असतो. मूल आत्ता आठवीत असेल तर तेच वर्ष खरं अर्जाचं. नववीत असेल तर दहावीसाठी अर्ज करता येतो, किंवा नववी पुन्हा करायची तयारी ठेवून नववीसाठी. तिकडं एक वर्ष मागं बसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, नापास झाल्यासारखं कुणी बघत नाही, आणि मराठी माध्यमातून जाणाऱ्या मुलाला ते वर्ष इंग्रजी पक्कं करायला फार उपयोगी पडतं.

दहावी-अकरावीत असलेल्या मुलांसाठी दुसरा रस्ता आहे, युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसचा. जगभरात त्यांच्या १८ शाळा आहेत, त्यातली एक आपल्या शेजारीच, मुळशीत पौडजवळ, १९९७ पासून. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, म्हणजे जगभर चालणारा अकरावी-बारावीसारखा अभ्यासक्रम. तिथं अर्ज शाळेकडं जात नाही, भारताच्या राष्ट्रीय समितीकडं जातो. आधी मुलाची निवड होते आणि मग घरच्या परिस्थितीप्रमाणे मदत ठरते. त्यांच्या तारखा अमेरिकन शाळांपेक्षा वेगळ्या असतात, जूनमध्ये शाळा उघडली की वेबसाइट बघायला लागा. इंग्लंडचं थोडक्यात सांगतो. तिथल्या पूर्ण फी-माफीच्या योजना बहुतेक तिथंच राहणाऱ्या मुलांसाठी असतात, परदेशी मुलांना थोडीफार सूट मिळाली तरी उरलेली रक्कम आपल्या आवाक्याबाहेर जाते, आणि जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागलाय. म्हणून इथून पुढचं सगळं अमेरिका धरून लिहितोय.

आणि एक गोष्ट घरात मोकळेपणानं बोलून घ्या. मुलानं दहावी-बारावी बाहेरून केली तर परत येऊन महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून मेडिकलला जाणं अवघड होतं, त्यासाठी दोन्ही परीक्षा इथूनच पास झालेल्या लागतात. डॉक्टरच व्हायचंय असं पोरीनं ठरवलं असेल तर अर्जाच्या आधी हा विचार झाला पाहिजे, ॲडमिशन हातात आल्यावर नाही.

टप्पा २: शाळांची यादी, आणि ती मदतीच्या नियमावरून

या शाळांची राहण्या-जेवणासकट फी वर्षाला ७०,००० डॉलरच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याच्याही वर. म्हणजे साठ लाख रुपये. कर्ज काढून, जमीन विकून हे जमणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. मदत मिळाली तर जायचं, नाहीतर नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

शाळा दोन प्रकारच्या. एक नीड-ब्लाइंड, म्हणजे मुलाला घ्यायचं की नाही हे ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अकॅडमी अँडोव्हर आणि न्यू हॅम्पशायरमधली फिलिप्स एक्झिटर या त्यातल्या. दुसऱ्या नीड-अवेअर, म्हणजे मदतीसाठी ठरलेला पैसा असतो आणि मदत मागणाऱ्या मुलांना त्यातूनच बसवायचं असतं. डीअरफील्ड, चोट, हॉचकिस, लॉरेन्सव्हिल, मर्सर्सबर्ग अशी पुष्कळ नावं तुम्हाला दिसतील. प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर मदतीचं पान उघडा आणि परदेशी नागरिकांबद्दल काय लिहिलंय तेवढं शोधा. काही शाळा सगळ्यांना मदत देतात, काही परदेशी मुलांना अगदी थोडी, काही अजिबात नाही. जिथं अजिबात नाही ती शाळा कितीही नावाजलेली असली तरी यादीतून काढा.

पानावर स्पष्ट नसेल तर मेल करा, चार ओळींचा. मूल कुठलं, कितवीत, मदत जवळजवळ पूर्ण लागेल, परदेशी मुलांना अशी मदत मिळते का. उत्तर येतं. मेल पालकाच्या नावानं जाऊ दे, एजंटच्या नाही.

किती शाळा? मी पाच ते सात सांगतो. एकाच शाळेवर सगळं लावू नका आणि पंधरा शाळांना पण भरू नका, कारण प्रत्येक शाळेला वेगळे निबंध आणि वेगळी मुलाखत असते, अकराव्या शाळेपर्यंत मूल थकून जातं आणि ते वाचणाऱ्याला कळतं. अर्जाची फी परदेशी मुलांना जास्त असते, बऱ्याच ठिकाणी १०० डॉलर किंवा पुढं. ती माफ होते, पण मागावी लागते. लाजून भरत बसू नका.

थांबा आणि तपासा: यादीतल्या प्रत्येक शाळेपुढं चार गोष्टी वहीत लिहिल्यात का? अर्जाची तारीख, मदतीच्या फॉर्मची तारीख, कुठल्या परीक्षा लागतात, फी माफीसाठी कुणाला मेल करायचा. मदतीच्या फॉर्मची तारीख वेगळी असू शकते. ती चुकली तर पोरगी निवडली जाऊनही पैशाविना घरी बसते.

टप्पा ३: नाव आणि पासपोर्ट

हे जून-जुलैमध्ये उरका. आपल्या शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं नाव आधी. जन्मदाखल्यावर कधी आडनावच नसतं. तिकडच्या कम्प्युटरला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव वाटतो, त्यामुळे एका मुलीची परीक्षा एका नावानं, मार्कलिस्ट दुसऱ्या नावानं आणि शिक्षकांचं पत्र तिसऱ्याच नावाच्या फाइलला जाऊन पडलं, आणि शाळा दोन महिने "तुमची कागदपत्रं अपुरी आहेत" असा मेल पाठवत राहिली. आधी पासपोर्ट काढा आणि पासपोर्टवर जसं नाव आलंय, स्पेलिंगसकट, तसंच सगळीकडं टाका. वडिलांचं नाव पासपोर्टवर मधल्या जागी असेल तर परीक्षेच्या फॉर्मवरही तसंच.

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, अपॉइंटमेंट पासपोर्ट सेवा पोर्टलवरून घ्यायची. लहान मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी लागतं. मुलाचा पासपोर्ट बहुतेक वेळा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतच चालतो, आधीच काढलेला असेल तर तारीख बघा.

याच महिन्यात शाळेतून मागच्या दोन वर्षांची प्रगतीपत्रकं घ्या. आठवीपर्यंत आपल्याकडं अ-१, अ-२ अशा श्रेणी असतात, तिकडच्या माणसाला त्यावरून काही कळत नाही. शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत विषयवार तक्ता करून घ्या, खाली अ-१ म्हणजे किती ते किती टक्के हे लिहा, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. मूळ मराठी प्रत सोबत जोडा. शक्य असेल तर वर्गात किती मुलं आणि त्यात हिचा नंबर कितवा हे पण, कारण तालुक्यातल्या शाळेचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नसतं.

टप्पा ४: पैशाचे कागद

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. मदतीसाठी वेगळा फॉर्म असतो, बऱ्याच शाळा एसएसएस नावाच्या यंत्रणेमार्फत पालकांचं आर्थिक विवरणपत्र भरून घेतात, काही शाळा क्लॅरिटी नावाचा दुसरा फॉर्म वापरतात. कुठलाही असला तरी प्रश्न तेच: घराचं उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज, घरात माणसं किती, शिकणारी मुलं किती, आणि तुम्ही स्वतः वर्षाला किती देऊ शकता.

आता आपली नेहमीची सवय. सेतूत जायचं, तलाठ्याचा अहवाल घ्यायचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जेवढा कमी काढता येईल तेवढा काढायचा. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही हेच केलं. तासगावकडं द्राक्षबाग, दाखल्यावर वार्षिक साठ हजार. सोबत बँकेचं स्टेटमेंट मागितलं होतं ते जोडलं, आणि त्यात बेदाण्याच्या सौद्याचे लाखाचे आकडे जमा झालेले. फेब्रुवारीत शाळेचा मेल आला, तीनच प्रश्न होते, पहिला हाच: साठ हजार आणि हे लाख, यातलं खरं कुठलं? मेल कुणी बघितलाच नाही, नऊ दिवसांनी उत्तर गेलं, तेही अर्धवट. मार्चमध्ये ती वेटिंगला राहिली आणि पुढं काही झालं नाही. तेवढ्या एकाच कारणानं गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्या मेलला आमच्याकडं उत्तर नव्हतं हे खरं, आणि मला ते अजून लागतं.

मला जे तेव्हा कळलं नाही ते सांगतो. औषधं, मजुरी, अवकाळीनं गेलेला माल, सगळं वजा जाता त्या घराचं खरं उत्पन्न चार लाखाच्या आसपास होतं. चार लाख म्हणजे पाचेक हजार डॉलर. शाळेची फी सत्तर हजार. दाखल्यावर साठ हजार रुपये असोत नाहीतर खरे चार लाख, त्या फीपुढं दोन्ही सारखेच, ती पूर्ण मदतीतच बसत होती. खोटं लिहायची गरजच नव्हती. आपल्याकडच्या शिष्यवृत्तीला एक मर्यादा असते आणि आकडा तिच्या खाली लागतो, इथं तशी मर्यादा नाही. इथं एक माणूस सगळे कागद शेजारी ठेवून वाचतो आणि एकमेकांशी जुळतात का ते बघतो.

म्हणून काम असं करा. एक रविवार काढा, जमिनीवर सगळी कागदं मांडा. कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाच्या स्लिपा, बेदाणा किंवा हळदीच्या पट्ट्या, पासबुक, सोसायटीचा कर्ज उतारा, सातबारा, आठ-अ, लाइट बिल, मुलांच्या फीच्या पावत्या. कुणी नोकरीला असेल तर फॉर्म १६ आणि रिटर्न. मग एका पानावर हिशेब मांडा.

समजा अडीच एकर ऊस, शंभर टन, टनाला तीन हजार, तीन लाख झाले. पण बँकेत तीन लाख दिसत नाहीत, कारण बिलातून सोसायटीची वसुली परस्पर कापून जाते आणि उरलेलं पहिली उचल, दुसरा हप्ता असं तुकड्यानं येतं. म्हणून नुसतं स्टेटमेंट देऊन भागत नाही. एकूण बिल किती, कपात किती, हातात किती, लागण-खत-पाणी-तोडणीचा खर्च किती, हे चार आकडे बिलाच्या फोटोसकट एका ओळीत. खाली दुधाचे. मग एकूण. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत रिटर्नच नसतं. ते साध्या इंग्रजीत लिहून द्या: भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून रिटर्न भरलेलं नाही, त्याऐवजी ही बिलं. नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही लपवताय.

जमीन लपवू नका. सातबाऱ्यावर आजोबा, तीन चुलते, दोन आत्यांची नावं असतील तर तुमचा हिस्सा किती ते लिहा, किंमत रेडीरेकनरप्रमाणे लावा, आणि एक वाक्य ठामपणे घाला की ही जमीन विकली तर घराचं उत्पन्नच बंद होतं. तिकडच्या माणसाला जमीन म्हणजे गुंतवणूक वाटते, आपल्याला ती पोटापाण्याची आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

रुपयाचे डॉलर करताना सगळीकडं एकच दर धरा आणि कुठल्या तारखेचा ते लिहा. एका रकान्यात ८३ आणि दुसऱ्यात ८८ असं झालं की बेरीज चुकते आणि पुन्हा मेल येतो.

"तुम्ही किती देऊ शकता" इथं बरेच जण डोळे झाकून शून्य लिहितात. आत्ता त्या मुलावर वर्षाला जो खर्च करताय, शाळा, क्लास, एसटीचा पास, जेवण, तो इथं वाचणार आहे. तो आकडा काढा. वीस-तीस हजार का असेना, तो लिहा. खरा आकडा असेल तर प्रश्न आला तरी उत्तर देता येतं.

आजारपण, पाण्याविना गेलेलं पीक, वडील नसणं, मोठ्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज, असं काही असेल तर त्याचं वेगळं पत्र द्या, एक पान, रडगाणं न करता, तारीख आणि रक्कम घालून.

इशारा: उत्पन्नाचा दाखला लागलाच तर तो तुमच्या या पानाशी जुळणारा काढा. आधीचा जुना कमी आकड्याचा दाखला घरात असेल तर तो पाठवू नका, आणि नवीन काढताना तलाठ्याला खरा आकडा सांगा.

टप्पा ५: शिक्षकांची पत्रं

गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांचं एकेक पत्र लागतं, मुख्याध्यापकांचं वेगळं. फॉर्मची लिंक शिक्षकांच्या ईमेलवर थेट जाते, पालकानं ती उघडायची नाही, आणि पत्रात काय लिहिलंय ते बघायचा हक्कही बहुतेक वेळा सोडून द्यावा लागतो.

आपल्या शिक्षकांनी असं पत्र कधी लिहिलेलं नसतं. "विद्यार्थिनी हुशार, होतकरू, नम्र आहे" एवढं लिहून सही, शिक्का. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक चांगली" लिहितात त्यातलाच प्रकार. तुम्ही पत्र लिहून देऊ नका, ते सापडतं, तीन पत्रांची भाषा एकसारखी असली की लगेच सापडतं. त्याऐवजी ऑगस्टमध्ये सरांना भेटा आणि एवढंच म्हणा की सर, वर्गात घडलेला एखादा प्रसंग लिहा. एका सरांनी लिहिलं होतं की ही मुलगी भूमितीचं उदाहरण माझ्यापेक्षा वेगळ्या रीतीनं सोडवून फळ्यावर आली आणि मला माझी रीत लांब असल्याचं तिच्यामुळं कळलं. असं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा भारी पडतं. सरांना इंग्रजीत अडचण असेल तर मराठीत लिहू दे, घराबाहेरच्या कुणीतरी भाषांतर करावं आणि दोन्ही प्रती जाव्यात.

दिवाळीची सुट्टी धरून चाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळा बंद, शिक्षक गावी, मुख्याध्यापक निवडणुकीच्या ड्युटीवर, शिक्का कपाटात. पत्रं दिवाळीआधी गेली पाहिजेत. आणि लिंक हमखास स्पॅममध्ये जाते, सरांच्या शेजारी बसून तेवढा फोल्डर उघडायला लावा, पुढचं त्यांचं त्यांना करू दे.

टप्पा ६: परीक्षा

शाळांची परीक्षा म्हणजे एसएसएटी. सध्या आठवी ते अकरावीत असलेल्या मुलांना अपर लेव्हल. गणित, वाचन आणि शब्द असे तीन भाग, प्रत्येकी ५०० ते ८००, एकूण १५०० ते २४००. शिवाय एक निबंध, त्याला मार्क नाहीत पण तो शाळांना जातो. गणितात आपली मुलं चांगली करतात, मार खातात ती शब्दांत, समानार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या. हे महिन्याभरात होत नाही. रोज दहा शब्द, वापरून, आठ महिने. सेंटरसाठी पुणे-मुंबई धरून चाला, जागा लवकर भरतात. पहिली परीक्षा ऑक्टोबरात, गरज पडली तर दुसरी डिसेंबरात. फी माफीची सोय इथंही आहे.

इंग्रजीसाठी टोफेल किंवा ड्युओलिंगो टेस्ट. ड्युओलिंगो घरबसल्या होते, तासाभराची. खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेरा चालू, नजर स्क्रीनवरून हलली तरी टेस्ट रद्द होऊ शकते. चहा घेऊन आत आलेल्या आजीमुळं एका मुलाची टेस्ट गेली. दाराला कडी लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बऱ्याच शाळा परीक्षा ऐच्छिक ठेवतात, पण मदत मागणाऱ्या परदेशी मुलानं, विशेषतः मराठी माध्यमातल्या, इंग्रजीचा काहीतरी पुरावा द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्पा ७: निबंध

इथं फार लिहीत नाही, कारण हे मुलाचं काम आहे. पुण्यातला एजंट लाख-दोन लाख घेऊन "निबंध आम्ही करून देतो, ॲडमिशनची गॅरंटी" म्हणतो. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. मुलाचं वाक्य थोडं कच्चं असू दे, पण घरातलं, रानातलं, वर्गातलं असू दे. आईबरोबर पहाटे दूध घालायला डेअरीवर जाणारा मुलगा फॅटचं मशीन कसं चालतं हे स्वतः उघडून बघतो, हा विषय आहे. "मला देशाची सेवा करायचीय" हा नाही. पालकांचं वेगळं निवेदन असतं, ते तुम्ही मराठीत बोला, कुणीतरी लिहून घेऊ दे, मग भाषांतर.

टप्पा ८: मुलाखत

व्हिडिओवर होते, मुलाची अर्धा-पाऊण तास, आणि बऱ्याचदा पालकांशी पण बोलतात. वेळेत घोळ होतो तो असा: त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरची वेळ आपल्यामागं साडेनऊ तास असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागं गेली की साडेदहा तास. म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ ऑक्टोबरात आपले संध्याकाळी साडेसहा, डिसेंबरात साडेसात. कॅलेंडरमध्ये दोन्ही वेळा लिहा.

लाइट जाते. मोबाइल पूर्ण चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार, आणि मुलाखत घेणाऱ्याचा ईमेल कागदावर, म्हणजे तुटलंच तर लगेच कळवता येतं. पालकांना इंग्रजी येत नसेल तर आधीच मेलवर कळवा की आम्ही मराठीत बोलू, नात्यातलं कुणीतरी दुभाष्या म्हणून बसेल. मुलालाच दुभाष्या करू नका, ते आई-वडिलांचं बोलणं स्वतःच्या सोयीनं फिरवतंय असं वाटतं, आणि आई-वडीलही मोकळे होत नाहीत.

मुलाला पाठांतर करायला लावू नका. शेवटी "तुला काही विचारायचंय का" हा प्रश्न येतोच, त्या शाळेबद्दल खरोखर पडलेले दोन प्रश्न तयार पाहिजेत.

टप्पा ९: शेवटचा पंधरवडा

१५ जानेवारी रात्री ११:५९ अमेरिकेची म्हणजे आपली १६ तारखेची सकाळी १०:२९. तरीही तुमची तारीख १० जानेवारी समजा, कारण शेवटच्या दिवशी साइट रांगते आणि कार्डचं पेमेंट अडकतं. डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार चालू करून घेतलाय का ते डिसेंबरातच बँकेत जाऊन बघा.

सबमिट झालं म्हणजे संपलं नाही. प्रत्येक शाळेच्या पोर्टलवर यादी असते, कुठला कागद पोचला, कुठला नाही. आठवड्यातून दोनदा बघा, मार्चपर्यंत. ईमेल रोज, एका ठरलेल्या माणसानं, स्पॅमसकट. नऊ दिवस काय करतात ते मी वर लिहिलंय.

टप्पा १०: निकालानंतर

१० मार्चला येणारं उत्तर नीट वाचा. प्रवेश आणि मदत. प्रवेश पण मदत नाही. वेटिंग. नकार. दुसऱ्या प्रकारात लोक फसतात: "एक वर्ष कसंतरी काढू, पुढच्या वर्षी मदत मागू." बऱ्याच शाळांत पहिल्या वर्षी मदत न घेता आलेल्या परदेशी मुलाला पुढं मदत मागताच येत नाही. तसं पत्र आलं तर शाळेला नम्रपणे विचारा की मदतीच्या वेटिंगला ठेवाल का, आणि नाही म्हणाले तर सोडून द्या.

मदत मिळाली तर पत्रात काय काय धरलंय ते रकमेसकट विचारून घ्या. फी आणि राहणं-जेवण बहुतेक येतं. विमान, आरोग्य विमा, लॅपटॉप, पुस्तकं, थंडीचे कपडे आणि सुट्टीत राहायची सोय येतेच असं नाही. नोव्हेंबरात, नाताळात आणि मार्चमध्ये वसतिगृह बंद होतं आणि प्रत्येक वेळी साताऱ्याला येणं परवडणारं नसतं, तेव्हा मूल कुठं राहील हे शाळेला विचारा, यजमान कुटुंबाची सोय बऱ्याच ठिकाणी करतात.

मग शाळेकडून आय-२० येतो, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, त्यावर शाळा किती देणार आणि घर किती देणार ते छापलेलं असतं. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. बँकेत दाखवायचे ते घरच्या वाट्याचेच पैसे, त्यासाठी कुणाकडून उसने आणून खात्यात लाखो टाकू नका, आर्थिक फॉर्मशी ते जुळणार नाही.

लसींचं कार्ड आत्ताच शोधा. सरकारी दवाखान्यात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. तिकडच्या शाळांना एमएमआर लागते, त्यात गालगुंडाची पण लस आहे. दोन डोसमध्ये अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे एप्रिलमध्येच डॉक्टरांना कार्ड दाखवा, ऑगस्टपर्यंत थांबू नका.

आणि मदत एका वर्षाचीच असते, दर हिवाळ्यात तोच आर्थिक फॉर्म पुन्हा भरायचा. म्हणून ती जमिनीवर मांडलेली कागदं पिशवीत कोंबू नका, एक फाइल करा, आणि मूल तिकडं गेल्यावरही कारखान्याचं प्रत्येक बिल आलं की त्याच दिवशी फोटो काढून त्यात ठेवत जा.